अमोसकाकांची न वाचलेली पुस्तकं

"काका, याच्यात पुस्तकं हायेत का इटा?"

त्रिंबक पोस्टमनने सायकलच्या कॅरिअरवरचं पार्सल दोन्ही हातांनी उचललं आणि अमोसकाकांच्या ओट्यावर ठेवलं. मे महिना होता. आष्टीच्या पोस्टापासून इथवरचा रस्ता चढाचा, आणि त्रिंबकचा खाकी सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

काकांनी सही केली. पार्सल कुठून आलं ते त्यांनी बघितलंसुद्धा नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष स्टोव्हकडे होतं. कोपऱ्यावर सायकलची घंटी वाजली तेव्हाच त्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं. "बस जरा," ते म्हणाले, "उन्हाचं कुठं पळतो."

त्रिंबक बसला. बशीत चहा ओतून घेत त्याने गावाची खबर सांगितली. रेवणप्पा वाण्याने रंगीत टीव्ही घेतला होता आणि त्यावर मोजता येणार नाहीत इतकी चॅनेलं दिसत होती. बसस्टँडवर दुसरा एसटीडी बूथ निघाला होता. त्रिंबकच्या मेव्हणीचं लग्न लिंबागणेशला ठरलं होतं, आणि जेवणात बुंदी ठेवायची की जिलबी यावरून दोन्ही घरं रुसून बसली होती. काकांनी बुंदीच्या बाजूने मत दिलं. पंधरा-वीस मिनिटांनी त्रिंबक पिशवी सावरून उठला, सायकल उतारावरून खाली गेली आणि घर पुन्हा गप्प झालं.

आता खरं ते सांगून टाकायला हवं. त्या पुस्तकांशी अमोसकाकांना काही देणंघेणं नव्हतं. ते पार्सलं मागवायचे ती त्रिंबक यावा म्हणून.

अमोस घाटविसावे यांनी अठ्ठावीस वर्षं गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढली. पंप चालू करायचा, टाकी भरली की बंद करायचा, पाणी ओढेनासा झाला तर खोलून बघायचा. या कामावरचा माणूस गावाला फक्त पाणी आलं नाही की आठवतो. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको रिबका काविळीने गेली. मुलगी पिंपरीला दोन खोल्यांत राहायची. तिने आग्रह करून त्यांना नेलं, पण आठव्या दिवशी काका परत आले. तिथे त्यांना कोणी काही बोललं नव्हतं. आपण पाय लांब केले तर दुसऱ्याला अडचण होते, एवढंच त्यांना दिसलं होतं.

परत आल्यावर एकदा त्यांना बसस्टँडवर एक छापील कागद मिळाला. नाव-पत्ता कळवा, धार्मिक पुस्तक घरपोच मोफत. काकांनी सहज कळवलं. महिन्याने पुस्तक आलं, आणि पुस्तकाबरोबर घामाघूम झालेला त्रिंबक आला. त्याने पाणी मागितलं, मग चहा घेतला, मग बोलत बसला. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी काकांनी पुस्तक उचललं आणि शेवटचं पान उघडलं. तिथे आणखी पुस्तकं मागवायचं कूपन होतं.

त्या दिवसांत असल्या पुस्तकांना नुसता ऊत आला होता. मद्रासहून यायची, बंगलोरहून यायची, समुद्रापलीकडून यायची. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं आणि कुणीतरी घाईघाईत केलेलं अवघड मराठी. बाजार खुला झाला तसा देवाचाही माल भरपूर यायला लागला, असं काका स्वतःशीच म्हणायचे. आधी फळी भरली, मग रिबकाची ट्रंक भरली, मग खाटेखालची जागा गेली, आणि पुढच्या भिंतीला लागून थप्पी खिडकीपर्यंत चढली. पुष्कळ पार्सलांची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती.

काकांचं शिक्षण चौथीपर्यंत. ओळीखाली बोट धरून वाचायचे. त्यांचा धर्म त्यांच्या आईने दिलेला होता आणि तो दोन वाक्यांत मावायचा. भाकरी समोर आली की ते डोळे मिटून म्हणायचे, "देवा, आजची भाकर दिलीस. चुकलंमाकलं पोटात घाल." रिबका गेल्यापासून त्यात तिसरं वाक्य आलं होतं. "रिबकाला तुझ्यापाशी ठेव." गेलेल्या माणसासाठी असं मागावं की मागू नये, यावरही त्या थप्पीत एखादं पुस्तक नक्की असणार. काकांना त्याचा पत्ता नव्हता.

पण गावाला थप्पी दिसत होती. आष्टीत ख्रिस्ती घरं नऊ. उपासना घ्यायला पाळक नगरहून महिन्यातून एकदा यायचे. अमोसकाकांच्या घरी एवढे ग्रंथ आहेत ही बातमी झाली, तशी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. तात्याबा मास्तर निवृत्त शिक्षक, ते एका रविवारी उपासनेनंतर चष्मा पुसत आत आले आणि थप्पीपुढे हात जोडल्यासारखे उभे राहिले. बूथ चालवणारा सिलास आला, त्याच्या मागून आणखी चारपाच जण आले. मग दर रविवारी बैठक बसायला लागली. कुणी विचारलं, काका, या विषयावर काय लिहिलंय, की काका म्हणायचे, "तूच काढून बघ की." लोकांना वाटायचं, केवढा हा नम्रपणा. काका खोटं कधी बोलले नाहीत. फक्त खरं तेही बोलले नाहीत. घरात आठ-आठ कप वाजत होते, चपलांनी ओटा भरत होता, आणि एवढ्यासाठी माणसाने थोडं विद्वान दिसलं तर बिघडलं काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

बिघडलं ते जूनमध्ये. सिलास पुण्याला तीन दिवसांच्या सभेला जाऊन आला, आणि तिथे त्याने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडणं म्हणजे बाप्तिस्माच नव्हे, मोठेपणी समजून-उमजून पाण्यात बुडून घेतला तोच खरा, असं तो सांगायला लागला. तात्याबा मास्तरांचा तोल गेला. दोघांनीही काकांच्याच थप्पीतून आपापली पुस्तकं काढली आणि पानावर पान वाचून दाखवायला सुरुवात केली. काका चहा गाळत होते. सिलासने एक ओळ मोठ्याने वाचली. ज्याने असा बाप्तिस्मा घेतला नाही, त्याला देवाच्या राज्यात जागा नाही.

"मंग आमची सगळी मेलेली माणसं कुठं गेली म्हनायची?" मास्तरांनी विचारलं.

सिलास गडबडला. मनाने तो वाईट नव्हता. "मास्तर, म्या न्हाई म्हणत, पुस्तक म्हणतंय," तो म्हणाला, आणि काय बोलतोय हे कळायच्या आत पुढे बोलून गेला, "आता रिबकाकाकूच घ्या. त्या लई चांगल्या होत्या. पण त्यांनाबी लहानपणीच शिंपडलेलं."

गाळणं काकांच्या हातात तसंच राहिलं. कुणीतरी विषय बदलला. शेवटी असं ठरलं की भांडत बसण्यात अर्थ नाही. सगळे ग्रंथ ज्यांनी वाचलेत त्या काकांनीच पुढच्या रविवारी काय ते सांगावं, आणि ते सगळ्यांनी मानावं.

सोमवारी सकाळी काकांनी सुतळ्या सोडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते ही पुस्तकं वाचायला बसले, आणि वाचत होते ते मंडळीसाठी नव्हे. त्यांना एकच गोष्ट शोधायची होती: रिबका कुठे आहे. एक पुस्तक म्हणालं, ती नाही. दुसरं म्हणालं, आहे, पण अजून झोपेत आहे. तिसऱ्यात बाणांचा आणि चौकोनांचा मोठा तक्ता होता. कोण मेल्यावर कुठून कुठे जातो ते त्यात दाखवलेलं होतं, आणि काका त्यात बराच वेळ रिबकाचा चौकोन शोधत राहिले. पंप पाणी ओढत नसला की कुठे बघायचं हे त्यांना माहीत होतं. इथे काय खोलावं तेच कळेना.

बुधवारी दुपारी भाकरी समोर घेऊन त्यांनी डोळे मिटले. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला जीभ अडली. तुझ्यापाशी ठेव म्हणायचं, आणि ती तिथे नसलीच तर? पुढे पहिली दोन वाक्यंही खोटी वाटायला लागली. समज आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ते प्रार्थना न करता जेवले. रिबका गेली त्या दिवशीही ते एवढे एकटे पडले नव्हते. त्या दिवशी निदान ज्याच्याकडे रडायचं तो होता.

शुक्रवारी त्यांनी दोन मोठे गठ्ठे बांधले आणि रेवणप्पाच्या दुकानात नेऊन टाकले. रद्दीत घे म्हणाले. पैसे नकोत, फक्त घे. रेवणप्पाने वरचं पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि गठ्ठा हलकेच परत सरकवला.

"काका, याच्यात देवाचं नाव हाय. म्या याच्यात मिरची बांधू व्हय?"

"तुझा देव न्हाई तो."

"नसू द्या. न्हाई जमायचं." रेवणप्पाने काकांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि स्टूल पुढे केलं. "कशाला टाकायला निघालात पर? एवढी हौसेनं जमवलेली."

काका म्हणाले, वाचली म्हणून. रेवणप्पाला हसू आलं. त्याने सदऱ्यावरून छातीपाशी हात ठेवला, जिथे गळ्यातलं इष्टलिंग होतं. "आमच्या अप्पाला काळं अक्षर येत न्हवतं. हे हातावर घ्यायचा, डोळे मिटायचा, झालं. मला त्याच्यावानी जमत न्हाई. माझं ध्यान गल्ल्यावर." मग एक गिऱ्हाईक आलं आणि तो साखर जोखायला उठला. काका गठ्ठे घेऊन घरी आले.

रविवारी घर भरलं. नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, दारातही उभी होती. एवढी माणसं या घरात रिबकाच्या मयतीला आली होती, त्यानंतर आजच. काकांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. आपण बोललो की यातलं कोणी राहणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. मोघम काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. दोन्ही बाजू थोड्या खऱ्या, असं म्हटलं असतं तर पुढच्या रविवारीही आठ कप लागले असते.

"ह्यातलं एकबी पुस्तक म्या वाचलेलं न्हवतं," ते म्हणाले. "त्रिंबक पोस्टमन घरी यावा, दोन शब्द बोलावा, म्हनून मागवत होतो. तुमी आलात, मला बरं वाटलं, म्हनून गप ऱ्हायलो. ह्या आठवड्यात वाचली. वाचली तवापासून माझी प्रार्थना बंद पडली." ते थांबले. "रिबका देवापाशी हाय. हे म्या कुठं बघून सांगत न्हाई. मला ह्याच्यापलीकडं काय येत न्हाई."

मास्तर उगाचच चष्मा पुसत राहिले. त्यांना राग आला होता असं नाही, पण इतके दिवस आपण ज्याला हात जोडले तो चौथी पास पंपवाला निघाला, हे त्यांना पचवता येत नव्हतं. सिलास मात्र उघड दुखावला. "म्हंजे तुमी आमाला येड्यात काढलं," तो म्हणाला, आणि काकांनी मान हलवली, कारण ते खरंच होतं. चहा तयार होता. दोघा-तिघांनी उभ्याउभ्या घेतला.

त्या रात्रीच्या भाकरीवर काकांनी तिन्ही वाक्यं म्हटली. ती पहिल्यासारखी निघाली. अंगावर काटा आला नाही की डोळ्यांपुढे उजेड पडला नाही. भाकरी गार झाली होती, त्यांनी ती दुधात कुस्करून खाल्ली.

पुढच्या महिन्यात मंडळी फुटली. सिलासची माणसं बूथच्या माडीवर जमायला लागली, मास्तरांची ख्रिस्ती देवळात. दोन्हीकडची माणसं काकांकडे एकेकदा आली, पण ती पुस्तकं न्यायला. भांडायला दोघांनाही ती लागणार होती. प्रत्येकाने आपापली निवडून घेतली, उरलेली मास्तरांनी हातगाडीवर घालून नेली, आणि घर इतकं रिकामं झालं की भांडं ठेवलं तरी आवाज घुमायचा. त्रिंबकच्या कानावर सगळं गेलंच होतं. रस्त्यात भेटल्यावर तो म्हणाला, "काका, नुस्तं ये म्हनला असता तरी आलो असतो की." अगदी मनापासून म्हणाला. पण टपाल नसताना त्याला येणं जमलं नाही. त्याच्याकडे गावं बरीच होती.

पोळा होऊन गेल्यावर काका खुरपं घेऊन दफनभूमीत गेले. पावसाने रिबकाच्या कबरेवर गुडघाभर गवत वाढलं होतं. ते उकिडवे बसून खुरपत होते तेवढ्यात कुंपणाच्या पडक्या भागातून मेंढरं आत आली आणि त्यांच्यामागून एक म्हातारा धनगर. धुळाजी म्हणून होता, या बाजूला पहिल्यांदाच आलेला. त्याने मेंढरं कबरेवरून बाजूला हाकली, तंबाखू मळत शेजारी टेकला आणि विचारलं, कुणाची जागा.

"माझ्या मालकिणीची," काका म्हणाले.

धुळाजीने मान डोलावली. "तुमच्यात मेलेलं मानूस कुठं जातंय?"

"देवापाशी."

"मंग बरं हाय," धुळाजी म्हणाला. त्याने तंबाखू दाढेला धरली. "कशी होती म्हातारी?"

हे त्यांना दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. काकांनी खुरपं खाली ठेवलं. ती हसताना तोंडावर पदर धरायची, ते सांगितलं. पंपावर भाकरी घेऊन यायची तेव्हा नेहमी दोन जास्तीच्या आणायची, वाटेत कोण भेटेल सांगता येत नाही म्हणायची, ते सांगितलं. विहिरीवर एकदा साप निघाला तर ओरडायचं सोडून त्याला जा म्हणून सांगत उभी राहिली, ते सांगत होते. मेंढरं दूर ओढ्याच्या बाजूला गेली. धुळाजी काठी टेकत उठला, येतो बाबा म्हणाला आणि त्यांच्यामागे चालू लागला.

काकांनी सापाच्या गोष्टीतलं राहिलेलं वाक्य एकट्यानेच पुरं केलं, आणि मग खुरपं उचललं.