माझा प्रश्न त्याच्या तोंडी

मी तातडीच्या मानसोपचार खोलीतला, भिंतीवरचा टेलिफोन बोलतोय. माझ्या वायरीला पीळ पडलेत. रुग्णाला घरी सोडायचं की ठेवून घ्यायचं हे कळेना, की नवे डॉक्टर मोठ्या मॅडमना फोन लावतात आणि बोलताना ती वायर बोटाभोवती गुंडाळतात.

मग टेबलावर संगणक आला. माहिती भरली की रुग्णाच्या जिवाला धोका किती, ते तो रंगात दाखवतो. त्याला मऊ फडक्याने पुसतात. माझ्यावर कोणीही ॲप्रन अडकवतं. कशाला लपवू, माझा जळफळाट होतो.

एका दुपारी एका शिंप्याला त्याची बायको आणि धाकटा भाऊ घेऊन आले. बरेच दिवस तो मरणाच्या गोष्टी करत होता, पण आज शांत, हसतमुख. आता बरे आहेत, घरी नेते, असं बायको सारखी म्हणत होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी माहिती भरली. संगणक पिवळा झाला. नक्की सांगता येत नाही, वरिष्ठांशी बोला, म्हणाला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आला ना शेवटी माझ्याच दारात!

"मॅडम, पेशंट शांत आहे."

"कधीपासून?"

"सकाळपासून. एकदम."

मॅडम गप्प राहिल्या. ही त्यांची रीत. त्या गप्प झाल्या की समोरचा विचार करू लागतो. मग म्हणाल्या, "भावाला विचार, आज यांनी काय वेगळं केलं."

भाऊ सहज म्हणाला, "दादाने त्याची कात्री मला दिली. आजवर हात लावू देत नव्हता. म्हणाला, आता तूच वापर."

बायकोने घरी निघायला उचललेली पिशवी खाली ठेवली. शिंपी तोंड फिरवून रडू लागला. त्याला ठेवून घेतलं.

पुढे तो तपासणीला आला, तेव्हा भावाकडे कात्री परत मागत होता. भाऊ म्हणाला, "आधी मला बाही नीट लावायला शिकव."

वाटलं, आता माझा मान वाढेल. कसलं काय! संगणकातच नवा प्रश्न घातला: जिवापाड जपलेली वस्तू कोणाला देऊन टाकली का? माझ्यातून गेलेला प्रश्न, आणि बघणारे म्हणतात, काय हुशार यंत्र आहे.

आता मला भिंतीवरून काढायचं चाललंय. त्याला खुशाल पुसा, मी बघत राहीन. पण तो पुन्हा पिवळा होईल, तेव्हा मॅडमचं ते गप्प राहणं कोणाला ऐकायचं असेल, तर माझी वायर तेवढी राहू द्या.