ठोकळ्यांवरचं मशीन

“ठोकळे काढू ना मग?” मशीनखालून मिस्त्रींचा आवाज आला. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते, आणि एका मोज्यातून डोकावणारा अंगठा.

“काढ,” हे म्हणाले.

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते, ती तशीच राहिले. त्या ठोकळ्यांना आमच्या घरात कुणी हात लावत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते मशीनच्या पायांखाली होतेच. यांची उंची ताडामाडाची, बसले की गुडघे वरच्या फळीला आपटायचे, म्हणून यांनी लाकडाचे ठोकळे तासून मशीन वर उचललं होतं. मला ते पुसायचं तर टाचा उंच कराव्या लागत. नवी नवरी असताना एकदा म्हटलं होतं, जरा खाली घ्या की हो. तर म्हणाले, “तुला पुसायचंय, मला त्याच्यावर जगायचंय.” बोलणं असं गोड!

मशीन कातडं शिवायचं. काळं, ओतीव लोखंडाचं, यांच्या वडिलांनीसुद्धा जुनं म्हणूनच घेतलेलं. त्याच्यावर आधी बॅगा झाल्या, पिशव्या झाल्या, आणि पुढे समोरच्या दवाखान्यातून पायांचे पट्टे यायला लागले. अधू पायाला आधाराची पट्टी लावतात ना, ती बांधायचे हे पट्टे. बहुतेक लहान मुलांचे. यांनी मग दुसरं काही शिवलंच नाही.

माझी जागा यांच्या पाठीमागे, बुटक्या स्टुलावर. दोऱ्याला मेण लावायचं, कडा चिकटवायच्या, आणि शिवण झाली की पट्टा लाकडी पाटावर ठेवून हातोडीनं हलकेच ठोकून सपाट करायची, म्हणजे कातडीला टोचत नाही. शिवून झालं की हे मान न वळवता नुसता हात मागे करायचे. मी तिथे असणारच, हे गृहीत. कधी वाटायचं, एकदा उठून जावं आणि बघावी गंमत. गेले मात्र कधी नाही.

अलीकडे मात्र टाके सुटायला लागले. सरळ चाललेली शिवण मध्येच वाकडी व्हायची, दोन टाके गायब, मग पुन्हा सरळ. हे म्हणाले, दोरा खराब आलाय. मी दुसरा आणला. मग म्हणाले, सुई बोथट आहे. सुईही बदलली. कापडाचं बरं असतं, उसवलं की पुन्हा शिवता येतं. कातड्याला एकदा भोक पडलं की पडलं, ते बुजत नाही. असे वाया गेलेले पट्टे हे बैठकीच्या गादीखाली सरकवून ठेवायचे. झाडताना ते माझ्या हाती लागले. मी बघायचे आणि परत जागच्या जागी ठेवायचे.

मग एके दिवशी मी यांच्या हाताकडे पाहिलं. शिवणीकडे नाही, हाताकडे. कातडं पुढे सरकवताना उजवा हात थरथरत होता. हात थरथरला की कातडं ओढलं जायचं, सुई वाकायची आणि टाका चुकायचा. मशीनला काहीएक झालेलं नव्हतं. नाचता येईना, अंगण वाकडं ही म्हण मी आजवर अख्ख्या गल्लीला ऐकवली असेल. यांना ऐकवायची वेळ आली आणि जीभ टाळ्याला चिकटली. ज्या माणसानं उभ्या जन्मात एकाच गोष्टीचा तोरा मिरवला, त्याचा तोरा मी काढून घेऊ? मला नाही जमलं.

यांनीच मिस्त्रींना निरोप धाडला. मिस्त्री म्हणजे यांचे लहानपणापासूनचे दोस्त. कुणाचं डोकं दुखलं तरी “तेल घाला” म्हणणारे. मी त्यांना गल्लीच्या तोंडाशीच गाठलं आणि गळ घातली. म्हटलं, भाऊजी, बिघाड मशीनमध्ये नाही, तुम्हाला ते कळेलच. पण यांना सांगू नका. एखादा भाग झिजलाय म्हणा, काहीही म्हणा. त्यांनी अवजारांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, “वहिनी, मशीनबद्दल खोटं मला बोलता येत नाही. बघू.”

सकाळभर त्यांनी मशीन उघडून ठेवलं होतं. भाग न् भाग रॉकेलमध्ये धुतला. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा दोऱ्याचा एक फासा होतो, आणि नेमक्या त्याच वेळी खालचा दोरा वाहणाऱ्या शटलचं टोक त्या फाशातून जावं लागतं. अलीकडे नाही, पलीकडे नाही. मिस्त्री हातानं चाक फिरवायचे, डोळा बारीक करून बघायचे, स्क्रू केसभर सैल करायचे, पुन्हा फिरवायचे. हे शेजारी बसून नुसते हुंकार देत होते. एरवी दुसऱ्याचा हात मशीनला लागला की यांच्या पोटात दुखायचं. आज मुकाट होते. मला त्याचीच धास्ती वाटली.

आणि आता ठोकळे निघाले. मशीन खाली आलं आणि एकदम धाकटं दिसायला लागलं. मग मिस्त्रींनी कातडं दाबणाऱ्या पायाची स्प्रिंग सैल केली आणि पायडलची दांडी बदलून पायडल जवळ घेतलं. आता मात्र माझ्यानं राहवेना.

“भाऊजी, हे काय चालवलंय? यांचे गुडघे कुठे मावणार तिथे?”

मिस्त्रींनी चिंधीला हात पुसले आणि यांच्याकडे पाहिलं.

“बस,” हे मला म्हणाले.

“कुठे?”

“मशीनवर. तुझ्या मापाचं केलंय.”

चहाचे कप अजून माझ्या हातातच होते. मिस्त्रींनी ते काढून घेतले. म्हणाले, “वहिनी, तुम्ही गल्लीत गळ घातलीत, पण यानं तुमच्या आधीच घातली होती, तुम्हाला काही न सांगायची. मी दोघांच्या मध्ये सापडलो.”

“मशीन बिघडलं म्हणून नाही बोलावलं याला,” हे म्हणाले. “नाचता येईना म्हणून अंगणाला नावं ठेवणारा मी नाही. थोडे दिवस ठेवली, आता नाही. हात गेलाय माझा. आणि तुला ते माहितीय.”

“मला कुठे काय...”

“गादीखालचे पट्टे तू नीट रचून ठेवायचीस. मी जन्मात कधी काही रचून ठेवलंय?”

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. म्हटलं, मला नाही जमायचं, या वयात काय ही थट्टा. यांनी पुढ्यात एक कापलेला पट्टा ठेवला. समोरच्या दवाखान्यात येणाऱ्या एका छोट्या मुलीचा. आधीचे दोन यांच्या हातून वाया गेले होते, आणि तसलं मऊ कातडं एवढंच उरलं होतं. ती संध्याकाळी आईच्या कडेवर बसून येणार होती, आणि पट्टा झाला तरच चालत परत जाणार होती.

“हा गेला तर?” मी विचारलं.

“माझ्या हातून नक्की जाईल,” हे म्हणाले. “तुझ्या हातून कदाचित जाईल. इतकी वर्षं मागे बसून माझ्या चुका काढल्यास, आता पुढे बसून स्वतःच्या काढ.”

मी बसले. दोन्ही तळवे पायडलवर सपाट टेकले. इतकी वर्षं ज्याची धूळ टाचा उंचावून पुसली, ते माझ्या कोपराशी येऊन थांबलं होतं. मी पट्टा सुईखाली सरकवला.

पहिला टाका हातानं चाक फिरवून घातला. सुई कातड्यात शिरली. मागून आवाज आला, “सुईकडे नको, कडेकडे बघ.” मी म्हटलं, “माहितीय.” माहीत होतंच, हे वाक्य यांनी स्वतःलाच इतक्यांदा म्हटलेलं मी ऐकलं होतं. मग पाय लावला. मशीन ठक ठक करत सावकाश निघालं. वळणावर मी थांबले, सुई कातड्यातच ठेवून पट्टा फिरवला आणि पुन्हा निघाले. मिस्त्री शेल्फाकडे तोंड करून उगीच अवजारं आवरत होते.

शेवटचा टाका पडला. मी दोरा कापला आणि कसं कोण जाणे, मान न वळवता पट्टा धरलेला हात मागे केला.

 मग बुटकं स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि पट्टा माझ्या बोटांतून थरथरत ओढला गेला. पाठीमागे हातोडीचे हलके ठोके सुरू झाले. मधूनच एखादा पाटावर पडत होता. बाकीचे शिवणीवर.