फाटकाच्या आतली सूचना

सोमवारी सकाळी अकरा वाजता, कामगार-लाभ कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरील दालनात सुनावणीस प्रारंभ झाला. एका बाजूस यंत्रशाळेतून निवृत्त झालेला फिटर. दुसऱ्या बाजूस कारखान्याचा वकील आणि कामगारांच्या लाभ-योजना सांभाळणारा कारकून, ज्याला सारा कारखाना 'कलमराव' म्हणे.

वाद एवढाच होता. निवृत्तांना स्वतः हप्ता भरून कारखान्याच्या आरोग्यविम्यात राहता येई. मात्र तसे मुदतीत कळवावे लागे. फिटरने कळवले नव्हते, आणि त्याच्या पत्नीचे डायलिसिस चालू होते.

"सूचना दिली होती?" अधिकारी बाईंनी विचारले.

"दिली होती. सर्वांना दिसेल अशा जागी, फलकावर," कलमराव म्हणाले.

"मॅडम, तो फलक आत, जेवणघराशेजारी, आणि सूचना लागली मी निवृत्त झाल्यावर!" फिटर उसळला. "निवृत्तीच्या दिवशीच फाटकावर माझं ओळखपत्र काढून घेतलं. मग बाहेरून वाचू कसं? जिराफासारखी मान लांब करून?"

टंकलेखिकेलाही हसू आवरले नाही. कलमरावांचा चेहरा मात्र उतरला. ती सूचना त्यांनी स्वतः घोटून घोटून लिहिली होती, काचेखाली लावून घेतली होती. ओळखपत्र परत घेण्याचा नियमही त्यांच्याच लेखणीतून उतरला होता. दोन्ही निर्दोष होते. ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी मात्र त्यांना कधी झाली नव्हती.

"हे पाहा," बाई कलमरावांना म्हणाल्या, "सूचना अपुरी होती असं कारखान्यानं मान्य केलं, तर मी मुदत वाढवून देऊ शकते. तुमचं काय म्हणणं आहे?"

वकिलाने कलमरावांना कोपराने ढोसले. "नसतं लचांड ओढवून घेऊ नका."

पण कलमरावांना वकिलाची भीती नव्हती. त्यांना खोड होती ती वादात न हरण्याची. आयुष्यभर जोपासलेली ती खोड विवेकाआधी बोलून गेली.

"फलकावर लावण्यापलीकडे कायद्याची अपेक्षा नाही, मॅडम."

वाक्य बिनतोड होते. उच्चारताक्षणीच ते गिळून टाकावेसे वाटले. त्यांनी तोंड उघडले, पण बाईंची लेखणी कागदावर चालू लागली होती, आणि चालत्या लेखणीला अडवणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. अर्ज नामंजूर झाला.

बाहेर व्हरांड्यात बाकावर फिटरची पत्नी बसली होती. कलमरावांना पाहताच भिंतीचा आधार घेत ती उठली. सुजलेल्या चेहऱ्यावर हसू आले.

"अगबाई, भावजी! तुम्ही पण आलात? मग काळजीच मिटली. यांना मी म्हटलंच होतं, भावजींना सगळे नियम तोंडपाठ आहेत."

कलमराव तिच्या चपलांकडे पाहत राहिले.

"काय झालं हो?" तिने नवऱ्याला विचारले.

फिटरने तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

"निकाल लागला," तो म्हणाला. "यांचं काही चुकलं नाही."