ब्राउनीचं धोंडस

कुत्र्याचाही वाढदिवस करायचा असतो, हे प्रेमलाबाईंना फार उशिरा कळलं. स्वतःचा वाढदिवस त्यांनी कधी केला नव्हता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या महाराष्ट्राला दिली तीच एक जून ही तारीख त्यांनाही देऊन टाकली होती. ब्राउनीची तारीख मात्र पक्की होती. त्यांच्या मुलाने, सम्यकने, एका सप्टेंबरअखेरीस मुंबईत कुठल्याशा गॅरेजमागून भिजलेलं तांबूस पिल्लू उचलून घरी आणलं, तो दिवस. सम्यकची मुलगी वेदिका बोलायला लागल्यापासून त्या दिवशी केक व्हायचा, टोप्या व्हायच्या आणि ढीगभर फोटो निघायचे.

आता फरक इतकाच होता, की वेदिका मुंबईत होती आणि ब्राउनी रत्नागिरीत. लॉकडाऊनमध्ये सगळं बिऱ्हाड कुत्र्यासकट नाचणे रोडच्या घरी येऊन राहिलं होतं. ऑफिसं उघडली तशी मंडळी परतली. नव्या भाड्याच्या जागेचा मालक कुत्रा ठेवू देईना, म्हणून "दोनच महिने, आई" असं सांगून सम्यकने ब्राउनीला मागे ठेवलं. ते दोन महिने अजून संपायचे होते. मधल्या काळात प्रेमलाबाईंचे यजमान बाबाजी गेले, प्रेमलाबाईंचे गुडघे गेले, आणि ब्राउनीची नजरही गेल्यातच जमा झाली.

सकाळी उठल्यावर बाईंचं पहिलं काम चहाचं नसायचं. एका जुन्या सुती साडीची लांब घडी ब्राउनीच्या पोटाखालून घ्यायची, तिची दोन्ही टोकं वर हातात धरायची, आणि त्याचं लुळं पडलेलं मागचं अंग उचलत जांभ्याच्या पायऱ्या उतरून त्याला अंगणात न्यायचं. एकाच बाजूने ओढ बसायची, त्यामुळे तो वाकडा वाकडा चालायचा आणि बाईही त्याच्यासोबत वाकड्या व्हायच्या. संध्याकाळी पुन्हा तेच. मध्ये त्याने ओलं केलेलं गोणपाट धुवायचं, गोळी केळ्यात लपवून भरवायची. घराबाहेर जायचं तर मनातही आणायचं नाही, कारण एकटा राहिला की तो असा गळा काढायचा की आळीतली माणसं धावत यायची. बुद्धविहारात आषाढापासून वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं धम्मग्रंथाचं, वाचन चाललं होतं. बाई निवृत्त शिक्षिका, आवाज खणखणीत, दर वर्षी वाचायला त्याच बसायच्या. यंदा एकदाही जमलं नव्हतं.

सम्यक वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रोज फोन करायचा, औषधं घरपोच पाठवायचा, गुरांच्या डॉक्टरांशी स्वतः बोलायचा. फक्त यायचा नाही. "कधी येतोस?" असं विचारलं की म्हणायचा, "बघतो, आई." या 'बघतो'वर किती आयांनी किती वर्षं काढली असतील, देव जाणे. प्रेमलाबाई तर देवही मानत नव्हत्या, त्यामुळे त्यांना तेवढाही आधार नव्हता.

वाढदिवसाच्या सकाळी वेदिकाचा व्हॉइस मेसेज आला, तेव्हा बाई अंगणात साडी धरून उभ्या होत्या.

"आजी, या वर्षी केक तू करायचास हां! बाजारचा नको. मी सगळं शोधून काढलंय. चॉकलेट नाही, मनुका नाहीत, साखर-गूळ नाही, मीठ नाही. आणि जायफळ तर अजिबात नाही, ते कुत्र्यांना बाधतं. सात वाजता व्हिडिओ कॉल करते. त्याला टोपी घाल!"

बाईंनी तो मेसेज चहा घेताना पुन्हा एकदा नीट ऐकला. ज्याचं नाव ब्राउनी त्यालाच ब्राउनी वर्ज्य, यावर एरवी त्या हसल्या असत्या. पण आज हसायलाही जीव नव्हता. रात्री तो तीनदा उठला होता, म्हणजे त्याही उठल्या होत्या. सुनेने दिलेला ओव्हन कपाटावर होता. तो खाली काढायचा, पुसायचा, त्याची बटणं समजून घ्यायची, या नुसत्या विचारानेच त्यांच्या पाठीत कळ आली. त्यापेक्षा हाताला येतं तेच करावं असं त्यांनी ठरवलं. धोंडस करावं, काकडीचा कोकणी केक.

तवसं, म्हणजे जून झालेली मोठी काकडी, घरात होतंच. शेजारच्या गंगाने तिच्या मांडवावरचं चांगलं हातभर लांब, पिवळं झालेलं तवसं कालच आणून दिलं होतं. काकडी कुत्र्याला चालते, तांदूळ चालतो, अंडं चालतं. दुपारी बाईंनी तवशाचं टोक कापून आधी स्वतः चाखलं, कडू नाही याची खात्री केली. बिया काढल्या, कीस केला. तांदळाचा रवा कोरडाच भाजला आणि किसाच्या सुटलेल्या पाण्यात शिजवला. गूळ नाही, मीठ नाही, तूप नाही. असलं बेचव धोंडस त्यांच्या आईने पाहिलं असतं तर पोरीला फैलावर घेतलं असतं. वरून थोडं ओलं खोबरं घातलं, एक अंडं फोडून फेटून घातलं, आणि बाई पेंगत पेंगत ढवळत राहिल्या. उभ्या उभ्या डोळा लागावा इतकी झोप त्यांच्या अंगात साचली होती.

जाड बुडाच्या पातेल्यात केळीचं पान घालून त्यांनी ते मिश्रण ओतलं, पातेलं बारीक गॅसवर ठेवलं, वर ताट झाकलं आणि ताटात करवंटीचे निखारे पसरले. खालून आच, वरून आच. आईची पद्धत हीच होती.

ब्राउनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नाक वर करून बसला होता. डोळ्यांनी दिसत नसलं तरी सण आहे हे त्याला कळलं होतं. मिश्रण ढवळलेला रिकामा टोप बाईंनी त्याच्यापुढे ठेवला. "चाट बाबा. तुझाच दिवस आहे." त्याने टोप इतका मन लावून चाटला, की तो सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला. बाईंना त्या दिवसात पहिल्यांदाच बरं वाटलं. किती साधा जीव आहे हा, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या पाटावर बसून राहिल्या.

संध्याकाळी उतरत्या उन्हात गंगा मागच्या दाराने आत आली. ती आली की आधी तिचं नाक यायचं.

"बाई, काय वास सुटलाय ओ! रस्त्यापातुर येतोय. माज्या झाडाचा जायफळ घातलाव ना? मी सांगत व्हते ना, बाजारच्याला ह्यो वास नाय."

प्रेमलाबाईंनी ओट्याकडे पाहिलं. किसणी तिथे पडली होती. तिच्याशेजारी, गेल्या महिन्यात गंगानेच दिलेलं आणि आता वाळून कडक झालेलं जायफळ होतं. अर्धं. ते कधी हातात घेतलं आणि कधी किसलं, त्यांना काही केल्या आठवेना. धोंडसात शेवटी जायफळ किसायचं, हे त्यांच्या हाताला आईने लहानपणीच शिकवून ठेवलं होतं. वेदिकाचा मेसेज कानांनी ऐकला होता, हाताने नाही.

"अगं, त्याला जायफळ चालत नाही," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

"जायफळान काय व्हतंय? पोरांना उगाळून देतो आपन. झोप लागते चांगली."

"पोरांना गं. कुत्र्याला नाही. आणि त्याने टोप चाटलाय."

गंगाचा हात तोंडावर गेला. बाई फोन शोधू लागल्या. तो चुलीमागे, पिठाच्या डब्याखाली, देव्हारा नसलेल्या त्या घरात बुद्धाच्या तसबिरीपुढे, कुठेच सापडेना, आणि शेवटी त्यांच्याच पदरात खोचलेला निघाला. गुरांचे डॉक्टर विनोद यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"किती घातलंत, बाई?"

"आठवत नाही हो. अर्धं उरलंय."

"आणि त्याने टोपाला लागलेलंच चाटलं ना? केक नाही खाल्ला? मग घाबरू नका. त्याच्या पोटात फार गेलेलं नाही. पण वय झालंय त्याचं, म्हणून जपायचं. केक देऊ नका, पाणी पुढ्यात ठेवा, नजर ठेवा. उलटी झाली, थरथरायला लागला, बेचैन वाटला, तर लगेच फोन करा. मी येतो."

'मी येतो' ऐकून प्रेमलाबाईंना एकदम रडू फुटलं. डॉक्टरांना वाटलं, कुत्र्यासाठी रडतायत. त्यांनी पुन्हा धीर दिला.

गंगाला घरी चूल पेटवायची होती. "जाऊन येत्ये," असं म्हणून ती गेली. बाई ब्राउनीशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. श्वास चालू होता, नेहमीसारखाच, जरासा घरघरता. तो हात चाटू लागला. त्याला काय ठाऊक, कुठल्या हाताने काय केलंय ते.

आणि मग जे इतका वेळ बाजूला सारलं होतं ते समोर आलं. किसणी दिसली तेव्हा भीती वाटली होती, हे खरं. पण भीतीच्या जरा आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं होतं. सुटले. अगदी असंच, याच शब्दात. सुटले मी. प्रेमलाबाईंना स्वतःची लाज वाटली. जन्मभर पोरांना करुणा, मैत्री शिकवली, पाली गाथा पाठ करून घेतल्या, आणि आपल्या मनात हे? मग ते जायफळ नुसत्या सवयीने किसलं, की दुसरं कोणीतरी आत बसून किसत होतं? सवयीनेच किसलं होतं, हे कोणीही शहाण्या माणसाने त्यांना सांगितलं असतं. पण सांगायला घरात कोणी नव्हतं, आणि ज्याच्याशी त्या दिवसभर बोलायच्या त्याला हे विचारायची सोय नव्हती.

सातला फोन वाजला. पडद्यावर वेदिका चकचकीत टोपी घालून बसली होती.

"आजी, केक दाखव!"

बाईंनी धोंडस दाखवलं. वरून सोनेरी, कडेने सुटलेलं, इतकं देखणं धोंडस त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"त्याला भरव ना!"

"नाही भरवायचं, बाळा. माझ्या हातून त्यात जायफळ पडलं. डॉक्टरांना विचारलंय, तो बरा आहे. पण हे त्याला द्यायचं नाही."

वेदिकाचा चेहरा पडला. "आजी, मी सांगितलं होतं ना!" मागून सम्यक पुढे आला. "आई, असं कसं? तिने एवढं सांगून..."

"सम्या, फोन घेऊन जरा गॅलरीत जा."

तो गेला. त्याच्यामागे रहदारीचा आवाज ऐकू येऊ लागला.

"मी दमलेय रे," प्रेमलाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात कोणापुढेच म्हटलं नव्हतं, बाबाजींपुढेही नाही. "रात्रीची झोप नाही. विहारात गेले नाही. पाठ वाकडी झालीय. आणि ऐक, पोरीला सांगू नकोस. त्याच्या पोटात जायफळ गेलं हे कळलं, तेव्हा मला आधी वाटलं, सुटले. मग भीती वाटली. आधी सुटले वाटलं, कळतंय तुला?"

सम्यक म्हणाला, "आई, मी बघतो. या महिन्यात कसंही करून..."

"बघू नको. ये."

"अगं, सुट्टी..."

"शनिवारी ये. रविवारी जा हवं तर. साडी कशी धरायची ते शिकवते तुला. पुढचं काय करायचं ते मग आपण दोघं बसून ठरवू. मी एकटी ठरवणार नाही आता."

मग तो हळूच म्हणाला, "येतो." 'बघतो' नाही म्हणाला. तो खरंच येतो की नाही हे शनिवारीच कळणार होतं, आणि बाई काही इतक्या भोळ्या नव्हत्या. पण मागितलं तर होतं.

ब्राउनीला त्यांनी तवशाच्या साध्या फोडी दिल्या. त्याने त्या कराकरा खाल्ल्या आणि बाईंनी कॉलआधी घातलेली टोपी डोक्यावरून पाडली. धोंडसाचा एक तुकडा बाईंनी स्वतः घेतला, त्यावर गुळाचा खडा ठेवला, आणि सावकाश चावून खाल्ला.

गंगा परत आली, तेव्हा ब्राउनी दाराकडे तोंड करून कुंई कुंई करत होता. त्याला बाहेर जायचं होतं.

"कसा हाय ओ?"

"बरा आहे." प्रेमलाबाईंनी खुंटीवरची साडी काढली, त्याच्या पोटाखालून घेतली आणि नेहमीसारखी दोन्ही टोकं एका मुठीत धरायला गेल्या. मग थांबल्या. गंगाकडे न बघता म्हणाल्या, "एक टोक धरशील?"

गंगाने पदर खोचला. "येवडे दिस का नाय बोललाव? मी हितंच व्हते की."

एक टोक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये शेपूट हलवणारा म्हातारा कुत्रा, अशी तिघं पायऱ्या उतरली. ब्राउनी किती दिवसांनी सरळ चालत होता.