पाला खाणाऱ्याचा चावा

अठ्ठ्याहत्तर साली हुडकेश्वरच्या पारावर अशी गर्दी लोटली की माझ्या सायकल दुकानातलं गिऱ्हाईक पंक्चर अर्धवट सोडून पळालं. मग मीही गेलो. जम्मूकडून आलेल्या जटाधारी बाबांनी म्हणे मारीच राक्षसाच्या जबड्याचा तुकडा आणला होता! आठवड्यात गावच्या अकरा बकऱ्या मेल्या होत्या. ज्यानं करणी केली, त्याच्या जिभेला तो चावणार होता.

"त्रेतायुग की चीज है, बच्चा! पापी को छोडती नहीं!" बाबा गरजले.

चंपतराव पाटलांपासून सुरुवात झाली. बाबा तुकडा कमंडलूत बुडवत, त्याची मोडकी कड जिभेला लावत आणि हात सोडत. तुकडा खाली पडे, माणूस निर्दोष! असे नऊ जण सुटले. मग "देवता को ठंड लगी" म्हणत बाबांनी तो निखाऱ्यांवर बराच वेळ शेकला आणि कौसल्येला बोलावलं. बिचारी एकटी राहायची, बकऱ्यांसाठी पाल्याचे भारे विकायची. तुकडा तिच्या जिभेला लोंबकळतच राहिला.

"काढा इले गावाबाहेर!" चंपतराव ओरडले. मला त्यांचा भयंकर राग आला, पण तोंड उघडलं ते शाळेतल्या प्रेमिलाबाईंनी.

"बाबाजी, एकदा तुम्हीच लावून दाखवा ना."

"हम तो सिद्ध हैं!"

"मंग भेव कायचं?"

लोक हसले. बाबांचा हात कमंडलूकडे गेला, पण बाईंनी कमंडलू आधीच उचलून घेतला होता. नाइलाजानं बाबांनी सुकाच तुकडा जिभेला लावला आणि तो घट्ट चिकटला. सिद्धपुरुष "अंऽ अंऽ" करू लागले.

"आता बाबाले काढा गावाबाहेर!" म्हातारा लहानू ओरडला.

बाई म्हणाल्या, "दगड झालेल्या हाडाले बारीक छिद्रं असतात. सुकं असलं की जिभेची ओल शोषून चिकटते, भिजलं की सुटते. भूगर्भवाले असंच हाड ओळखतात. अन् राक्षस कायचा? दात पाहा! खुरांचं, मांजराएवढं, पाला खाणारं जनावर असंन. इंडोह्यूस म्हणतात तसल्याले. करोडो वर्षांआधीच संपलं."

"मंग बकऱ्या काहून मेल्या?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"ते ढोरांच्या डॉक्टरले विचारा."

कौसल्या डोळे पुसत चंपतरावांसमोर उभी राहिली.

"पाटील, पाला खाणाऱ्याले राक्षस केलं, अन् पाला विकणारीले चेटकीण."

पाटलांनी मान खाली घातली. तेव्हापासून दुकानात येणाऱ्याला मी एवढंच सांगतो: चमत्कार दिसला तर आधी भिजवून पाहा, मग वाळवून पाहा आणि करणाऱ्यालाच आधी चाखायला लावा. तोवर कुणा बाईकडं बोट दाखवू नका.