कसर आणि दयाळ

संग्रहालयात कोरडी खोली एकच. तिच्यात टाचलेल्या पतंगांचे खण राहावेत की पेंढा भरलेले पक्षी यावेत, हा निकाल संचालकांनी एकेका पानावर सोडला होता: दोन्ही विभागांनी आपली एक जात निवडून तिची थोरवी लिहून द्यावी. हरणाऱ्याला तळघर, आणि तळघराला ओल.

पतंगविभागाच्या बाईंची एकतीस वर्षे त्या खणांत गेली होती. पक्षिविभाग त्यांच्या धाकट्या दिराकडे होता.

"वहिनी, माझं पान तयार. दयाळ! काय गळा! तुमचा पतंग काय करतो? दिव्याभोवती पिंगा?"

"साहेबांभोवती घालण्यापेक्षा बरा, भावोजी."

"मुक्या किड्यांना कोण विचारतं?" हे संचालकांचे मत. उभ्या जन्मात त्यांनी एक खण उघडला नव्हता. तरीही बाईंनी ते सभ्यपणे ऐकून घेतले होते. टाचणी कधी टोचावी, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

तुलनेसाठी त्यांनी दयाळाची पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास नव्हता.

"गोळ्या कुठे गेल्या?"

"साहेब रुजू झाले त्याच दिवशी काढल्या. त्यांना वासानं शिंका येतात."

बाईंनी चिमट्याने पोटाची पांढरी पिसे सारली. खाली रेशमी जाळी, तीत फिकट अळ्या आणि एक पिवळट पतंग. कसर; पतंगांचीच एक जात.

दिराचे तोंड उतरले. कीड लागलेल्या विभागाला सहा महिने कोरडी खोली बंद, हा नियम त्यानेच लिहिला होता.

"वहिनी, उद्यापुरती झाकली मूठ राहू द्या ना."

"मूठ झाकली तर आत पक्षीच उरायचा नाही. सगळ्या पेट्या शीतकपाटात घाला, आत्ता; गारठ्यानं अळ्या मरतात. धरा ते टोक."

संध्याकाळपर्यंत दोघे पेट्या वाहत होते. मग बाईंनी आपले पान लिहिले.

सकाळी संचालकांनी ते वाचले: "जिवंतपणी दयाळ पतंगांच्या अळ्या खातो. मेल्यावर पतंगाच्या अळ्या दयाळाला खातात. मध्ये फक्त डांबरगोळ्या असतात." त्यांना सणसणीत शिंक आली. गोळ्या जागेवर परतल्या होत्या.

खण हलले नाहीत. पेटीत सापडलेली एक पिवळट कसर बाईंनी टाचणीला लावली, आणि चिठ्ठीवर 'संग्राहक' या शब्दापुढे संचालकांचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले.

"सहा महिन्यांनी कोरड्या खोलीतल्या खालच्या दोन फळ्या तुमच्या," त्या दिराला म्हणाल्या. "गळ्यासकट."