पंपघराची मागची बाजू

हरिहर गद्रे यांचा कलेवर राग नव्हता. कलेची व्याख्या कोणी देत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. पिंपरीच्या एका यंत्रकारखान्यात रंगांच्या प्रयोगशाळेत ते रसायनज्ञ होते, आणि तिथे ज्या वस्तूची व्याख्या नाही ती वस्तू भांडारात जमा होत नसे. म्हणून १९७९च्या श्रावणात त्यांच्या पत्नीने, मृदुलाने, जेवताना जाहीर केले की ती नदीकाठच्या बंद पंपघरावर काम करणार आहे, तेव्हा त्यांनी आधी शब्दाचा अर्थ विचारला.

"काम म्हणजे चित्र?"

"चित्रंही. पण मुख्य काम पंपघरच करणार."

"आणि तू?"

"मी त्याला करू देणार."

हरिहरांनी आमटी वाढून घेतली. "याला आमच्याकडे दुर्लक्ष म्हणतात. आमचा देखभाल विभाग वर्षानुवर्षं हेच करतोय, त्यांना कोणी प्रदर्शन भरवू देत नाही."

"कारण त्यांना ते दिसत नाही. मला दिसतंय."

मृदुला चिंचवडच्या शाळेत चित्रकला शिकवत असे. लग्नानंतर तिने दुसऱ्यांच्या मुलांकडून कलश, कमळे आणि नक्षीच्या चौकटी काढून घेतल्या होत्या. स्वतःचे म्हणावे असे एकही चित्र काढले नव्हते. आता पुण्याच्या एका कलामंडळाने पुढच्या पावसाळ्यात तिला एक दालन देऊ केले होते. असे बोलावणे पुन्हा येईल याची खात्री नव्हती, आणि तिचा विषय ठरलेला होता. माणसाने सोडलेली वास्तू झाडेझुडपे कशी परत घेतात, ते एकाच जागी बसून महिन्यामहिन्याला काढायचे. प्रदर्शनाचे नावही तिने ठरवले होते: 'माणूस निघून गेल्यावर'. त्यासाठी तिला एकच गोष्ट हवी होती. पंपघराला वर्षभर कोणी हात लावू नये.

पंपघर पिंपळे गुरवच्या बाजूला पवनेच्या काठावर होते. कारखान्याला औद्योगिक वसाहतीचे नळाचे पाणी मिळाल्यापासून ते बंद पडले होते. काळ्या दगडाचे बांधकाम, अर्धे खचलेले छत, आणि पुढच्या भिंतीच्या सांध्यातून निघून दोन्ही बाजूंना उतरलेला पिंपळ. दारात घाणेरी इतकी माजली होती की आत जायचे तर आडवे व्हावे लागे. कारखान्याचे बांधकाम अभियंते राजवाडे यांनी परवानगी हसत हसत दिली.

"खुशाल काढा चित्रं, वहिनी. यंदा ते पाडायची तरतूद नाही. पुढे झाली तर मात्र मी पाडणार, आधीच सांगून ठेवतो. मला तिथे पाइपांचं कोठार हवंय."

हरिहरांची शंका वेगळी होती. रविवारी मृदुलाबरोबर ते तिथे गेले, भिंतीवरून उतरलेली मुळे त्यांनी निरखून पाहिली आणि म्हणाले, "वाढतंय, वाढतंय, असं तू म्हणतेस. पाहणाऱ्याने ते कशावरून मानायचं? उद्या कोणी म्हणेल, बाईंनी मनानंच मुळं लांबवली."

"मग काय करायचं?"

"खूण करायची. आज मुळाचं टोक जिथे आहे तिथे ठिपका. पुढच्या महिन्यात टोक ठिपक्याच्या पुढे गेलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर तुझं म्हणणं चूक."

मृदुलाला ही कल्पना मनापासून आवडली. नवऱ्याने तिच्या कामात पहिल्यांदाच हात घातला होता.

रंगाची निवड हरिहरांनी जशी करायला हवी तशीच केली. चुना पहिल्या सरीत वाहून जातो. कोळसा काळ्या दगडावर दिसत नाही. रेड ऑक्साइड शेवाळापाशी गंजासारखा वाटतो. उरला रेड लेड, लोखंड गंजू नये म्हणून पहिला हात देतात तो. रंग झगझगीत केशरी, जवसाच्या तेलात कालवलेला, उन्हापावसाला दाद न देणारा. प्रत्येक मुळाच्या टोकाशी त्यांनी एकेक गोल, नेटका ठिपका दिला. काम संपल्यावर ब्रशमध्ये रंग उरला होता. तो वाया घालवणे किंवा नदीत धुणे, दोन्ही त्यांना अयोग्य वाटले. दाराशेजारी एक गुळगुळीत, उभट दगड रोवलेला होता. त्याच्यावर त्यांनी ब्रश खालून वर, चांगला कोरडा होईपर्यंत पुसून घेतला.

दसरा झाल्यावर एका सकाळी प्रयोगशाळेत ज्योतीराम आला. कारखान्याच्या रंगशाळेत तो यंत्रांना रंग देत असे. मराठवाड्यातून कामासाठी आलेला, पिंपळे गुरवला खोली घेऊन राहत असे.

"साहेब, नदीकडच्या पंपावर देव निघालाय म्हणं."

हरिहर तराजूवरून नजर न काढता म्हणाले, "कुठे निघाला?"

"कुठं न्हाई. निघाला म्हंजी आला."

"निघाला म्हणजे गेला, ज्योतीराम."

"माणूस निघाला तर गेला, साहेब. देव निघाला तर आला." आणि मग जरा पुढे वाकून, "लई कडक हाय म्हणतेत. सगळ्या मुळ्यांवर आपला आपण शेंदूर फुटलाय."

हरिहरांनी तराजूची काच बंद केली.

त्या संध्याकाळी ते आणि मृदुला नदीवर पोचले तेव्हा घाणेरी मुळापासून उपटून एका कडेला रचून ठेवलेली होती. दार मोकळे झाले होते. जमीन शेणाने सारवलेली. पुढच्या भिंतीचे शेवाळ खरवडून तिच्यावर चुन्याचा हात दिला होता, आणि त्या पांढऱ्या भिंतीवर हरिहरांचे ठिपके पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसत होते. उभट दगडाला डोळे बसले होते. ज्या जागी मृदुला दर महिन्याला बसत असे तिथे कोणीतरी चपला काढण्यासाठी फरशी टाकली होती. ती त्या फरशीकडेच पाहत राहिली.

आत छबूबाई नावाची गावातली एक बाई झाडत होती. पंपघराची जागा कारखान्याने घेण्यापूर्वी ती तिच्या सासऱ्यांच्या शेतात होती, हे तिने ओळख होताच सांगून टाकले.

"बाई," हरिहर म्हणाले, "एक गैरसमज झालेला आहे. हे ठिपके मी लावलेत. या दगडालाही मीच रंग लावला."

छबूबाईने झाडू थांबवला. "तुमी? बामनाचं दिसताय. बरं केलंत की."

"तसं नाही. देव आपोआप प्रकट झाला, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. माणसानं लावलाय."

"मंग? शेंदूर मानूसच लावतो. द्येव काय सोताच्या हातानं चोपडून घेतो व्हय?"

"पण तो शेंदूर नाही, तो कारखान्यातला रंग आहे. लोखंडाला लावतात तो."

"म्हंजी कशाचा?"

इथे हरिहर अडले. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती आणि अर्धवट खरे बोलणे त्यांना खोट्याहून वाईट वाटे. "शिशाच्या ऑक्साइडचा," ते म्हणाले.

"आन शेंदूर कशाचा असतो?"

मृदुलाने नवऱ्याकडे पाहिले. उत्तर माहीत असल्याचा पश्चात्ताप हरिहरांना आयुष्यात क्वचितच झाला होता.

"त्याचाच," ते म्हणाले. "रासायनिकदृष्ट्या दोन्ही एकच. मात्र ते विषारी आहे. हात धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नका."

"द्येवाचा परसाद हात धुऊनच खात्यात, दादा," छबूबाई म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली.

परतताना मृदुला इतकेच म्हणाली, "तुम्ही ब्रश तरी घरी आणून पुसायचा होता." हरिहरांना हे न्याय्य वाटले.

त्यांनी उपाय शोधला, कारण उपाय नसलेली अडचण त्यांना झोपू देत नसे. रंगशाळेत रंग उतरवण्याचे द्रावण होते. एका दुपारी सगळ्या खुणा पुसून टाकल्या, की शेंदूर नाही, शेंदूर नाही म्हणजे देव नाही, आणि एका पावसाळ्यात घाणेरी परत येईल. हे त्यांनी मृदुलाला सांगितलेही. पण दुसऱ्याच दिवशी राजवाडे स्वतःहून प्रयोगशाळेत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"गद्रे, तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा."

"त्या माझ्या पत्नी आहेत. वहिनी तुमच्या."

"तेच ते. अहो, पाडायची तरतूद अचानक यंदाच मंजूर झाली होती. कार्तिकात ते पंपघर जमीनदोस्त करणार होतो. आता मुकादम म्हणतो, साहेब, नोकरी घ्या पण पिंपळाला आणि देवाला पहार लावायला सांगू नका. मी तो बेत सोडला. पाइप उघड्यावर राहिले तुमच्या शेंदरापायी!"

हरिहरांनी हे घरी जाऊन जसेच्या तसे सांगितले. खुणा पुसल्या तर पंपघर पडणार. ठेवल्या तर पंपघर राहणार, पण झाडलेले, सारवलेले, चुना दिलेले. तिसरी शक्यता त्यांना दिसत नव्हती. "निर्णय तुझा," ते म्हणाले. "सांगशील तर उद्या द्रावण घेऊन जातो."

शनिवारी मृदुला एकटीच नदीवर गेली आणि दाराबाहेर बराच वेळ बसून राहिली. तेल वाहणारे येत होते, नारळ फुटत होते. नमस्कार झाला की प्रत्येक जण प्रदक्षिणेला वळे आणि भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबे, कारण पुढे काठ सरळ नदीत उतरला होता. तिथे पाय ठेवायला जागाच नव्हती. मग तो जिथल्या तिथे स्वतःभोवती फिरे आणि परत येई. म्हाताऱ्या, पोरीबाळी, कारखान्यातले गडी, सगळे स्वतःभोवतीच फिरत होते. देवाच्या पाठीमागे कोणीही जात नव्हते.

घरी येऊन ती म्हणाली, "द्रावण राहू द्या."

मार्गशीर्षात पवनेचे पाणी ओसरले, तेव्हा ती दोघे पलीकडच्या अंगाने, गुडघाभर पाण्यातून, पंपघराच्या मागे पोचली. हरिहरांच्या डोक्यावर घडीचे स्टूल होते. मागच्या भिंतीला चुना लागलेला नव्हता. पिंपळाची मुळे भिंत फोडून या बाजूला आली होती आणि त्यांनी खिडकीची चौकट दोन ठिकाणी चिरली होती. पन्हाळातून नेचे लोंबत होते, शेवाळ हिरवे नव्हते, जवळजवळ काळे होते. मृदुलाने कागद लावला.

"इथे किती वाढ होते, ते कसं ठरवायचं?" हरिहरांनी विचारले.

"ठरवायचं नाही."

"मग लोकांनी कशावरून मानायचं?"

"नाही मानलं तर नाही मानलं."

हे उत्तर त्यांना मान्य नव्हते. पण वाद घालायला त्यांच्यापाशी या वेळी पुरावा नव्हता. भिंतीच्या पलीकडे घंटा वाजली. मागोमाग नारळ फुटला आणि कोणीतरी हसले. घंटा नवीन होती.

"नावाचं काय?" ते म्हणाले. "'माणूस निघून गेल्यावर' आता चालणार नाही. तो गेलेला नाही."

मृदुलाने वर न बघता रेघ पुढे नेली. "नाव खोडलंय मी. नवं सुचलं की सांगेन." मग थोड्या वेळाने, "अहो, जरा डावीकडे सरका. सावली पडतेय तुमची."

हरिहर पाण्यात एक पाऊल डावीकडे सरकले.